ध्यास, छंद आणि अभिनिवेश : वि. का. राजवाडे यांच्या इतिहाससंशोधनाच्या आधारे एका भावसंकल्पनेचा विचार

प्रस्तावना

एखाद्या व्यक्तीने मोठे कार्य उभे केले की त्यामागे ‘ध्यास’ होता असे म्हणण्याची मराठीत रीत आहे. चरित्रग्रंथ, गौरवपर भाषणे आणि मृत्युलेख यांत हा शब्द इतक्या वेळा येतो की त्याचा नेमका अर्थ काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आवड, छंद, नाद, वेड, व्यासंग, निष्ठा, अभिनिवेश हे शब्दही त्याच्या आसपास वावरतात आणि अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. या सैलपणामुळे भाषेचे नुकसान होतेच, शिवाय इतिहासाच्या आकलनालाही बाधा येते. संशोधकाच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्याचा ध्यास कोठे संपतो आणि अभिनिवेश कोठे सुरू होतो हे ठरवता आले नाही, तर त्याच्या गुणांबरोबर दोषांचीही पूजा होते, किंवा दोषांसाठी गुणही नाकारले जातात. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत. प्रस्तुत निबंधात प्रथम ध्यास या संकल्पनेचे स्वरूप भाषा व विचारपरंपरा यांच्या आधारे स्पष्ट केले असून, नंतर राजवाडे व त्यांचे काही समकालीन यांच्या कार्यावर ती संकल्पना पडताळून पाहिली आहे.

१. शब्दांची साक्ष

मराठीतील ‘ध्यास’ हा शब्द संस्कृतातील ‘ध्यै’ म्हणजे चिंतन करणे या धातूच्या कुळातील आहे. ध्यान, ध्येय हे त्याचे सगोत्र शब्द होत. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्मज्ञानाचा मार्ग सांगतो, तेथे श्रवण व मनन यांच्यानंतर निदिध्यासनाची पायरी येते. ऐकलेले व विचार करून पटलेले तत्त्व सतत चित्तात धरून ठेवणे हा निदिध्यासनाचा आशय आहे. ध्यासात भावनेइतकाच विचाराचा अंश असतो, हे या कुळावरून दिसते. ज्या गोष्टीचा ध्यास घ्यायचा ती गोष्ट आधी कानावर यावी लागते, मग बुद्धीला पटावी लागते आणि त्यानंतरच ती मनाचा ताबा घेते.

या शब्दांबरोबर येणारी क्रियापदेही बोलकी आहेत. आवड ‘असते’, तिच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. छंद ‘जडतो’ आणि तो ‘जोपासला’ जातो. नाद ‘लागतो’ आणि तो सोडावा असा सल्ला वडीलधारी माणसे देतात. वेडही लागतेच. ध्यास मात्र ‘लागतो’ आणि ‘घेतला’ही जातो. माणसावर ओढवलेली आणि त्याने जाणीवपूर्वक पत्करलेली अशी ती दुहेरी अवस्था आहे. केवळ लागलेला ध्यास वेडाकडे झुकतो, तर केवळ घेतलेला ध्यास संकल्पाच्या पातळीवर राहतो. लागलेली गोष्ट माणूस आपली म्हणून पुन्हा स्वीकारतो, तेव्हा खऱ्या अर्थाने ध्यास निर्माण होतो.

संस्कृतातील ‘व्यसन’ या शब्दाचा प्रवासही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात व्यसन या एकाच शब्दाखाली राज्यावर येणारी संकटे व राजाचे दुर्गुण या दोहोंचा विचार केलेला आहे. जे माणसाला त्याच्या स्थानावरून दूर फेकते ते व्यसन, हा त्यातील समान धागा होय. व्यसनी माणूस आणि ध्यासी माणूस दोघेही झोप, भूक, पैसा यांची पर्वा करीत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांतील फरक चटकन कळत नाही. व्यसनात मिळालेले सुख माणसापाशीच संपते. ध्यासातून मात्र माणसाबाहेर काही तरी उभे राहते आणि ते दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

२. दोन विचारपरंपरा

युरोपीय भाषांत या भावनेसाठी ‘पॅशन’ हा शब्द रूढ आहे. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘सोसणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांना हाच शब्द लावला जातो आणि रुग्णाला इंग्रजीत म्हणतात तो ‘पेशंट’ हा शब्दही त्याच मुळातून आलेला आहे. पॅशन म्हणजे मनाने केलेली कृती नसून मनावर घडलेला आघात, ही कल्पना त्या शब्दाच्या पोटात आहे. देकार्तने १६४९ मध्ये आत्म्याच्या विकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यातही ही मांडणी आढळते. पुढे इमॅन्युएल कांटने १७९८ मधील मानवशास्त्रविषयक ग्रंथात क्षणिक आवेग व दीर्घकालीन विकार यांत भेद केला. आवेग हा बांध फोडून येणाऱ्या पाण्यासारखा, तर विकार हा आपले पात्र अधिकाधिक खोल खणत जाणाऱ्या नदीसारखा, असा दृष्टांत त्याने योजला. कांटला हा खोल जाणारा प्रवाह बुद्धीचा रोग वाटत होता. हेगेलने मात्र इतिहासाच्या तत्त्वज्ञानावरील व्याख्यानांत जगातील कोणतेही मोठे कार्य अशा तीव्र भावनेवाचून झालेले नाही, असा पक्ष मांडला. एकाच गोष्टीकडे रोग म्हणून आणि ऊर्जा म्हणून पाहणाऱ्या या दोन भूमिका होत.

भारतीय परंपरेतही हा दुहेरीपणा आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत राग म्हणजे आसक्ती ही पाच क्लेशांपैकी एक मानली आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांचे ध्यान करणाऱ्या पुरुषाच्या ठिकाणी आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध आणि शेवटी बुद्धिनाश अशी अधोगतीची साखळी दाखवली आहे. साखळीचा आरंभ ध्यानापासून होतो. उपनिषदात मोक्षाकडे नेणारे आणि गीतेत नाशाकडे नेणारे चिंतन एकाच धातूने सांगितले आहे. यावरून असे दिसते की परंपरेने चिंतनाच्या तीव्रतेला स्वतंत्रपणे चांगले किंवा वाईट मानले नाही. ते चिंतन कशाचे आहे यावर त्याचे मूल्य ठरवले.

भरताच्या नाट्यशास्त्राने आणखी एक उपयुक्त भेद दिला आहे. आठ स्थायी भाव आणि तेहतीस व्यभिचारी भाव अशी त्याची विभागणी आहे. व्यभिचारी भाव येतात आणि जातात. स्थायी भाव त्या सर्वांना आपल्या पोटात घेऊन टिकून राहतो. वीररसाचा स्थायी भाव ‘उत्साह’ हा आहे. निराशा, चिंता, श्रम, गर्व असे अनेक भाव मधूनमधून उठले तरी उत्साह मावळत नाही, तेव्हाच तो स्थायी म्हणवला जातो. ध्यासाची गणना या शास्त्रात नाही. परंतु त्याचे स्वरूप स्थायी भावाच्या सर्वांत जवळ जाते. ध्यास घेतलेला माणूस सतत आनंदी असतो असे नाही. तो चिडतो, थकतो, कधी हताशही होतो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कामाकडे वळतो.

३. कागदांचा ध्यास

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दीर्घकाळ तोच प्रमाण मानला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्यावर टीका केली आणि १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू होऊन जुन्या बखरी व पत्रे छापली जाऊ लागली. या पार्श्वभूमीवर राजवाडे पुढे आले. १८९० मध्ये ते बी. ए. झाले. तरुणपणीच पत्नीचे निधन झाल्यावर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १८९४ मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ हे मासिक काढले. जगातील उत्तम ग्रंथ मराठीत यावेत हा त्यामागील हेतू होता. ते काही वर्षांतच बंद पडले. या टप्प्यावर राजवाड्यांपाशी तळमळ होती, भाषाभिमान होता. परंतु आयुष्य व्यापून टाकणारा विषय अद्याप सापडलेला नव्हता.

तो विषय वाई येथे मिळालेल्या कागदपत्रांनी दिला. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पानिपतपर्यंतच्या म्हणजे १७५० ते १७६१ या काळातील पत्रव्यवहार त्यात होता. त्याला जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेत राजवाड्यांनी ग्रँट डफच्या मर्यादा दाखवल्या, त्याचप्रमाणे मराठी बखरींतील चुकाही निर्दयपणे उघड केल्या. समकालीन अस्सल कागद हाच इतिहासाचा खरा आधार, ही त्यांची भूमिका येथे प्रथमच ठामपणे पुढे आली. पानिपताची दुःखद आठवण बखरींनी जागती ठेवली होती. परंतु कोणत्या दिवशी कोणती फौज कोठे होती, पैशाची ओढाताण कशी झाली, हे पत्रांतूनच कळणार होते.

पुढील काळात या मालेचे २२ खंड निघाले. त्यामागील श्रमांचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. पेशवाई बुडाल्यानंतर जुन्या घराण्यांचे वैभव ओसरले होते. त्यांच्या वाड्यांतील माळ्यांवर, तळघरांत, कोनाड्यांत मोडी कागदांचे रुमाल पडून होते. मोडी वाचणारी पिढी कमी होत होती आणि त्या कागदांना रद्दीपेक्षा अधिक किंमत आहे असे पुष्कळांना वाटत नव्हते. काही कागद वाळवीने खाल्ले, काही पावसाने भिजले, काही जाळले गेले. ज्यांना कागदांचे मोल कळत होते त्यांपैकी काहींना जुनी वतने व भाऊबंदकीचे तंटे उघड होण्याची भीती होती, त्यामुळे ते दप्तर दाखवीत नसत. अशा घरी जावयाचे, विश्वास संपादन करावयाचा, नकार पचवावयाचा, पुन्हा जावयाचे, मिळाले ते वाचून नकलून घ्यावयाचे आणि छपाईसाठी पैसा उभा करावयाचा, हा क्रम राजवाड्यांनी आयुष्यभर चालवला. गावोगाव भ्रमंती, हाताने शिजवलेले अन्न आणि अत्यल्प गरजा यांवर हे जीवन उभे होते. इंग्रजी उत्तम येत असूनही आपले संशोधन मराठीतच लिहावयाचे, हा निर्धारही त्यांनी सोडला नाही.

येथे ध्यासाची काही लक्षणे स्पष्ट दिसतात. पहिले लक्षण निकडीचे आहे. छंदाला घाई नसते. नाणी जमवणारा आज न मिळालेले नाणे उद्या मिळेल म्हणून स्वस्थ राहू शकतो. राजवाड्यांना हे स्वास्थ्य नव्हते, कारण आज न मिळालेला कागद उद्या जळलेला असण्याचा संभव होता. दुसरे लक्षण विषयापुढे स्वतःला दुय्यम मानण्याचे आहे. आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांनी दुसऱ्यांची पत्रे छापण्यात घालवली. तिसरे लक्षण संक्रमणशीलतेचे आहे. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली; खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह राजवाडे तिच्या प्रवर्तकांपैकी होते. एका माणसाची धडपड अनेकांचे काम झाली.

४. समकालीनांशी तुलना

याच कालखंडातील अन्य व्यक्तींकडे पाहिले असता ध्यासाच्या छटा अधिक स्पष्ट होतात. वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) हे मिरजेत संस्कृतचे शिक्षक होते. पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रांच्या आधारे १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. नोकरी, संसार व वाङ्मयलेखन सांभाळून एकाच दप्तरावर वर्षानुवर्षे केलेले हे काम व्यासंगाचा उत्तम नमुना होय. व्यासंग हा ध्यासाचा शांत सहोदर आहे. त्यात सातत्य तेच असते, परंतु माणसाचे उरलेले जीवन उधळून लावण्याची वृत्ती नसते.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांचे उदाहरण वेगळे आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून आलेल्या या विद्वानाने मराठीत ज्ञानकोश करावयाचे ठरवले. त्यासाठी मर्यादित भांडवलाची कंपनी स्थापन केली, वर्गणीदार मिळवण्यासाठी गावोगाव प्रवास केला आणि ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ विभाग १९२० ते १९२९ या काळात पूर्ण केले. केतकरांनी ध्यासाला व्यवस्थेची जोड दिली. हिशेब, मुदती, सहकारी आणि ग्राहक यांचा विचार त्यात होता. राजवाडे संस्था सुरू करीत, पण तिच्या चौकटीत दीर्घकाळ रमत नसत. मंडळाशीही त्यांचे मतभेद झाले.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांच्या बाबतीत छंदाचे ध्यासात रूपांतर झालेले दिसते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवण्यास सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्ये अशा नित्याच्या वापरातील वस्तूंचा हा संग्रह पुढे वीस हजारांच्या घरात गेला. अकाली मरण पावलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी या संग्रहालयाला दिले आणि १९७५ मध्ये ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. संग्राहकाचा छंद मालकीत तृप्त होतो. केळकरांना मात्र आपण जमवलेले सर्व समाजाच्या हाती देऊनच समाधान मिळाले. छंद व ध्यास यांतील सीमारेषा या दानाने अधोरेखित केली आहे.

५. ध्यास आणि अभिनिवेश

या विवेचनातील सर्वांत कठीण प्रश्न राजवाड्यांच्याच संदर्भात उभा राहतो. साधनांच्या शोधात इतका कठोर असलेला हा संशोधक निष्कर्ष काढताना तसाच राहिला काय? या प्रश्नाचे उत्तर सरळ होकारार्थी देता येत नाही. त्यांच्या प्रस्तावनांत चातुर्वर्ण्याचा कैवार आणि वर्णश्रेष्ठत्वाची गृहीते वारंवार येतात. १९२२ मध्ये त्यांनी संपादित केलेल्या जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’च्या प्रस्तावनेत शहाजीकालीन समाजाविषयी मौलिक विवेचन आहे, त्याचबरोबर ज्ञातींच्या योग्यतेविषयी पुराव्याच्या पलीकडे जाणारी विधानेही आहेत. कायस्थ प्रभू ज्ञातीविषयीच्या त्यांच्या लेखनाने तीव्र वाद निर्माण झाला आणि केशव सीताराम ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून त्याला व मंडळाला सडेतोड उत्तर दिले. हा वाद दोन व्यक्तींपुरता नव्हता. महाराष्ट्राचा इतिहास कोणी लिहावयाचा आणि त्यात कोणाला कोणते स्थान मिळावयाचे, हा त्यामागील प्रश्न होता. ज्यांच्या पूर्वजांविषयी लिहिले जात होते त्यांच्या दृष्टीने तो मानापमानाचा व न्यायाचा प्रश्न होता.

अशा लेखनामागील भावनेला अभिनिवेश हेच नाव योग्य ठरते. योगसूत्रांत अभिनिवेश म्हणजे जीविताला चिकटून राहण्याची ओढ. मराठीत त्याचा अर्थ आपल्या पक्षाला हट्टाने चिकटून राहणे असा झाला आहे. दोन्ही अर्थांत चिकटणे आहे आणि ते स्वतःशी निगडित आहे. ध्यास व अभिनिवेश यांची तीव्रता सारखीच असू शकते. भाषाही तितकीच आवेशपूर्ण असते. परंतु ध्यासाचे लक्ष विषयावर असते, अभिनिवेशाचे लक्ष आपल्या बाजूवर. विरुद्ध पुरावा समोर आला की ध्यासी माणसाचे कुतूहल वाढते आणि अभिनिवेशी माणसाचा राग वाढतो. यावरून या दोहोंची परीक्षा करता येते.

या कसोटीवर राजवाड्यांचेच दुसरे लेखन लक्षणीय ठरते. त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने आलेल्या ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ या अपूर्ण ग्रंथात त्यांनी वैदिक व पौराणिक वाङ्मयातील उल्लेख एकत्र करून प्राचीन काळी स्त्री-पुरुष संबंधांचे नियम पुढील काळाहून अतिशय भिन्न व सैल होते, असे दाखवले. विवाहसंस्था अनादी नसून ती कालक्रमाने घडत गेली, हा त्याचा निष्कर्ष होता. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या वाचकांना तो रुचणारा नव्हता आणि लेखकाच्या स्वतःच्या सामाजिक भूमिकेलाही तो सोयीचा नव्हता. तरीही पुरावा जेथे नेईल तेथे ते गेले. चातुर्वर्ण्याचा कैवारी आणि विवाहसंस्थेचा निर्भय इतिहासकार हे दोघे एकाच देहात नांदत होते. एका ठिकाणी अभिनिवेशाने ध्यासावर मात केली, दुसऱ्या ठिकाणी ध्यासाने अभिनिवेशावर. म्हणून एखाद्या माणसाच्या समग्र आयुष्याला ‘ध्यासपर्व’ असे एकच नाव देणे इतिहासाच्या दृष्टीने अपुरे आहे. प्रत्येक कृतीमागील भावना वेगळी तपासावी लागते.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. राजवाड्यांनी छापलेले अस्सल कागद त्यांच्या निष्कर्षांचा प्रतिवाद करणाऱ्यांनाही तितकेच उपलब्ध झाले. साधने प्रसिद्ध करणाऱ्या संशोधकाने आपल्या विरुद्ध बाजूच्या हातीही शस्त्र दिलेले असते. अभिनिवेशाला हे औदार्य परवडत नाही. तो सोयीचे तेवढेच दाखवतो. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाड्यांचे निधन झाले. त्यानंतर तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांचे जतन व अप्रकाशित लेखनाचे प्रकाशन त्या मंडळाने केले. त्यांची अनेक मते पुढील संशोधकांनी त्याज्य ठरवली, परंतु त्यांनी वाचवलेल्या कागदांना वगळून अठराव्या शतकाचा इतिहास लिहिता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ध्यास ही भावना व विचार यांच्या संयोगातून घडणारी स्थायी अवस्था आहे. ती माणसावर ओढवते आणि माणूस तिचा स्वीकारही करतो. आवड व आवेग यांत हा स्वीकार नसतो.

२) छंद मालकीने व सुखाने तृप्त होतो, व्यासंग सातत्याने फळतो, व्यसन माणसापाशीच संपते, ध्यास मात्र माणसाबाहेर टिकणारे आणि इतरांच्या उपयोगी पडणारे काही निर्माण करतो.

३) तीव्रता हे ध्यासाचे पुरेसे लक्षण नाही, कारण अभिनिवेशही तितकाच तीव्र असतो. प्रतिकूल पुराव्याला दिलेला प्रतिसाद ही या दोहोंतील खरी कसोटी होय.

४) राजवाडे यांच्या कार्यात ध्यास व अभिनिवेश हे दोन्ही आढळतात. त्यांच्या साधनसंग्रहाविषयीची कृतज्ञता आणि त्यांच्या वर्णविषयक मतांची चिकित्सा या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. अस्सल कागदापुढे कोणाचीही भीड धरावयाची नाही, हा त्यांनीच घालून दिलेला दंडक त्यांच्या लेखनालाही लावणे हे त्यांच्या परंपरेशी सुसंगत आहे.